उचलला किती, टाळला किती

नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या अनेकांना आपण कशावरून चालतो आहोत याची कल्पना नसते. या बागेच्या मातीखाली शहराचा जुना कचरा आहे. इथे पूर्वी क्षेपणभूमी होती. ती शास्त्रीय पद्धतीने बंद करून, तिच्यावर मातीचे थर देऊन महापालिकेने ही बाग उभी केली. कचरा मग तुर्भ्याला जाऊ लागला आणि आजही तिथेच जातो. रोजचा आकडा सातशे टनांच्या घरात आहे. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. कोपरखैरण्याची जागा भरली तशी तुर्भ्याचीही भरत जाणार, आणि तिसरी जागा मिळाली तरी ती कुणाच्या तरी घराशेजारीच असणार.

तरीही नवी मुंबईचं नाव देशात स्वच्छ शहर म्हणून घेतलं जातं, आणि ते रास्त आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०२० साली हे शहर देशात तिसरं आलं, २०२१ मध्ये चौथं, २०२२ आणि २०२३ मध्ये पुन्हा तिसरं. २०२४-२५ च्या सर्वेक्षणात तर इंदूर आणि सुरतेबरोबर त्याला ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये बसवलं गेलं. हे यश पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्या आणि दिवसभर गाडीमागे धावणाऱ्या सफाई कामगारांचं आहे, त्यात दुमत असू नये. पण या स्पर्धेत मोजला जातो तो मुख्यतः उचललेला, वेगळा केलेला आणि प्रक्रिया झालेला कचरा. जो झालाच नाही, त्याला गुण कुठून मिळणार? गाडी वेळेवर आली की घरातली पिशवी दाराबाहेर जाते आणि विषय संपतो. कचरा उचलण्यात आपण देशात पहिल्या रांगेत पोचलो, तो टाळण्यात मात्र फारसे पुढे सरकलो नाही. या लेखात हिशेब मांडायचा आहे तो टाळण्याचा: घरात काय येतं, त्यातलं काय परत जाऊ शकतं, आणि कुठे घरातल्या माणसाचे हात खरोखर बांधलेले आहेत.

सुरुवात वजनापासून केली पाहिजे, कारण प्लास्टिकच्या चर्चेत तेच हरवतं. घरच्या डब्यात निम्म्याहून अधिक भाग ओल्या कचऱ्याचा असतो: भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, शिळंपाकं, अंड्याची टरफलं, मासळीचे खवले आणि डोकी. हे सगळं मातीचं खाद्य आहे. ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बंद केलं आणि ढिगाखाली गाडलं की हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. १९२७ पासून चालू असलेल्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आणि तिचा मुंबईभर पसरलेला धूर खाडीच्या या बाजूच्या लोकांनाही आठवत असेल. अशा आगींमागे बहुतेक वेळा हाच वायू असतो. ढिगातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरतं ते वेगळंच.

ओल्या कचऱ्याचं दुसरं नुकसान कमी दिसतं आणि मला ते जास्त मोठं वाटतं. ओला आणि सुका एकत्र पडला की सुक्याची किंमत जाते. कोरडा पुठ्ठा भंगारवाला वजनावर घेतो, आमटी सांडलेला पुठ्ठा घेत नाही. दह्याचा डबा धुतलेला असेल तर तो पुन्हा दाणे बनवायच्या कारखान्यापर्यंत पोचतो, आत दही वाळलेलं असेल तर बहुधा ढिगावर. म्हणून प्लास्टिक कमी करायचं काम बाजारात सुरू होण्याआधी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सुरू होतं. ओला कचरा घरातच किंवा सोसायटीच्या आवारात जिरला, तर उरलेल्या डब्याला वास येत नाही, तो रोज रिकामा करावा लागत नाही, त्याला काळी पिशवी लावावी लागत नाही, आणि त्यातलं जवळजवळ सगळं विकण्याजोगं राहतं.

घरी खत करणं अवघड नाही. मात्र इथल्या हवेत ते पुस्तकात लिहिल्यासारखं होत नाही. जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की टोपलीतला माल कुजण्याऐवजी आंबतो, चिलटं होतात, घरचे वैतागतात आणि प्रयोग बंद पडतो. उपाय एकच, कोरडा माल भरपूर घालणं. एक भाग ओल्याला निदान तेवढाच सुका पालापाचोळा, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा, वर मूठभर तयार खत किंवा आंबट ताकाचा शिडकावा, आणि दोन-तीन दिवसांनी वरखाली. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या सुमारे ३० पट कार्बन लागतो, आणि भाजीच्या देठांत नत्र आणि पाणी जास्त, कार्बन कमी असतो. एवढं कारण समजलं की बाकीची कृती पाठ करावी लागत नाही. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास असलेलं खत हाती येतं.

हा सुका पाला नवी मुंबईत फुकट पडलेला असतो. हे शहर वसवणाऱ्या सिडकोने लावलेले पर्जन्यवृक्ष आणि सोनमोहर उन्हाळ्याच्या तोंडाशी एवढी पानं गाळतात की सोसायट्यांचे सफाई कामगार ती पोत्यांत भरून गेटबाहेर ठेवतात, आणि कुठे कुठे अजूनही ती पेटवली जातात. पुण्यात अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या ‘ब्राऊन लीफ’ उपक्रमात ज्यांच्याकडे पानं आहेत आणि ज्यांना खतासाठी पानं हवी आहेत, अशांची गाठ घालून दिली जाते. आपल्या प्रत्येक सेक्टरमध्ये हे जमू शकतं. फेब्रुवारी-मार्चची चार पोती पानं कोरड्या जागी ठेवली की एका घराचा पावसाळा निघतो. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि गच्चीएवढ्या जागेतही पालापाचोळ्याच्या मातीवर भरघोस पीक येतं हे दाखवून दिलं, त्याला कित्येक दशकं झाली. ज्ञान मराठीत आहे, घरचं आहे.

सोसायट्यांच्या बाबतीत तर हा ऐच्छिक छंदही राहिलेला नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक मानलं गेलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणं त्यांच्यावर आलं. माणशी साडेचारशे ग्रॅम धरले तर साठ घरांची सोसायटी या रेषेवर पोचते. म्हणजे नेरुळ, वाशी, सीवूड्स, खारघरमधल्या बहुतेक मोठ्या गृहसंकुलांना हे लागू होतं. त्यांतल्या अनेकांनी खत करणारी महागडी यंत्रं आणली. वीजबिल, दुरुस्तीचा करार, चालवणारा माणूस यांचा मेळ बसला नाही आणि काही यंत्रं ताडपत्रीखाली गेली. माझं मत असं की जाळीच्या किंवा विटांच्या हवेशीर कप्प्यांत पाला घालून केलेलं खत अशा यंत्रांपेक्षा सरस ठरतं, कारण ते बिघडत नाही. मुंबईत कप्प्यांना जागा नाही ही अडचण खरी आहे. नवी मुंबईत ती फार कमी ठिकाणी खरी आहे. मुळात हे शहर मोकळी जागा राखून आखलं गेलं. चार्ल्स कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं तेव्हा तिथल्या लहानशा घरालाही स्वतःची मोकळी जागा दिली. त्या जागेचं चीज करणं आपल्या हाती आहे.

जिथे जागा नाही आणि कचरा प्रचंड आहे, तिथे वायूचा मार्ग आहे. तुर्भ्याजवळच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य आणि मसाला अशी पाच मार्केटं आहेत. भाजी आणि फळांच्या मार्केटात सकाळचा व्यवहार आटोपल्यावर खाली उरणारा पाला, सडका माल, कलिंगडाची सालं यांचं खत घरच्या टोपलीत होणार नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्बे भागात भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ तंत्रज्ञान नेमकं अशाच कचऱ्यासाठी आहे: वायू आणि खत दोन्ही मिळतात, फक्त त्यात प्लास्टिक मिसळलेलं चालत नाही.

आता पिशवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तुंबलेल्या गटारांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या सगळ्यांनी पाहिल्या. त्यानंतर राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. ती पुसट होत गेली. मग २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर २३ जून २०१८ पासून कारवाई सुरू झाली: पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद. त्या पावसाळ्यात भाजीवाल्यांनी खरोखर पिशव्या देणं बंद केलं होतं. लोक घरून पिशवी नेत होते, मासळीसाठी डबा नेत होते. हे जमतं याचा तो पुरावा होता आणि म्हणून पुढची घसरण जास्त खुपते. शेजारच्या राज्यांतून माल येत राहिला, तपासणीचा जोर ओसरला, १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आणली, ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची जाडी १२० मायक्रॉनवर नेली, तरी संध्याकाळच्या भाजीबाजारात पातळ पिशवी दिसतेच.

दंड भरतो तो बहुतेक वेळा टोपली घेऊन बसलेला विक्रेता. पिशवी मागणारा मी किंवा तुम्ही सुटतो. भाजीवाल्या मावशी सांगतात ते ऐकावं: पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातं. बंदीचा भार सगळ्यात कमी ताकद असलेल्या माणसावर टाकून ती टिकणार नाही.

त्यातच कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांनी गोंधळ घातला. उन्हाकडे धरून पाहावं. उभे-आडवे धागे दिसले तर ते कापड. ठिपक्याठिपक्यांची छापील जाळी दिसली तर ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. पण कापडी पिशवीचाही हिशेब करावा लागतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये केलेल्या अभ्यासात सुती पिशवी तापमानवाढीच्या दृष्टीने पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं. कापूस पाणी आणि खत पितो, कापड विणायला वीज लागते. म्हणून समारंभात मिळालेल्या नव्या कोऱ्या कापडी पिशव्यांची चळत कपाटात साठवणं म्हणजे बचत नव्हे. जुन्या चादरीच्या, परकराच्या, साडीच्या शिवलेल्या चार पिशव्या दाराजवळच्या खुंटीला असाव्यात आणि त्या फाटेपर्यंत वापराव्यात. एवढं पुरतं.

नवी मुंबईत पिशवीचा प्रश्न इतर शहरांपेक्षा जास्त गंभीर आहे, याचं कारण जमिनीत आहे. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव खणले: भरतीच्या वेळी झडपा बंद होऊन खाडीचं पाणी बाहेर अडतं, शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. ही व्यवस्था झडपा नीट बंद होण्यावर आणि तलावात पाण्याला जागा असण्यावर उभी आहे. डोंगरावरून येणारे नाले पिशव्या, पाकिटं आणि बाटल्या आणून याच तलावांत आणि झडपांत सोडतात. गाळ साचलेल्या तलावांत आता तिवरं उगवली आहेत, त्यामुळे गाळ काढणंही परवानग्यांत अडकतं. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका दिवशी आली की याची किंमत तळमजल्यावरची घरं देतात.

पुढे खाडी आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झालं. आपण पक्ष्यांचे फोटो काढतो. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी गावच्या कोळी बांधवांना त्याच पाण्यात जाळं टाकायचं असतं. जाळ्यात मासळीबरोबर पाकिटं येतात, ती हाताने वेगळी करावी लागतात, वेळ जातो, जाळं फाटतं. तिवरांच्या श्वासमुळांवर पिशवी बसली की मुळाला हवा मिळत नाही. तिवरांच्या सफाईसाठी तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी गुडघाभर चिखलात उतरतात, आणि दोन भरत्यांत तिथे पुन्हा तेवढाच कचरा येऊन पडतो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेतही हेच दिसलं होतं: किनारा साफ करता येतो, वरून येणारा ओघ तिथे थांबवता येत नाही.

ओघ थांबवायचा तर परतीची साखळी हवी, आणि या प्रश्नात मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते तिच्याविषयी. २०१८ च्या त्याच अधिसूचनेत दंडाच्या कलमांइतकंच महत्त्वाचं दुसरं काही होतं. दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीमागे एक किंवा दोन रुपये ग्राहकाकडून घ्यायचे, आणि रिकामी पिशवी किंवा बाटली परत दिली की पैसे परत करायचे. उत्पादकांनी ती गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवायची. जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं की राज्यात रोज सुमारे १ कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांतून ३१ टन प्लास्टिक कचरा होतो. महिन्याभरात परतीची योजना सुरू करू, असंही ते म्हणाले. आज आपल्या दारात दूध टाकणाऱ्या दादांना ५० पैसे परत मागून पाहा. त्यांना हे काय आहे तेच कळणार नाही, आणि दोष त्यांचा नाही.

परतीची साखळी ही काही परदेशी कल्पना नव्हे. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षं मुंबईकरांनी काचेच्या बाटलीतलं दूध प्यायलं. रिकामी, धुतलेली बाटली केंद्रावर दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. सोड्याच्या, शीतपेयांच्या बाटल्या अनामत ठेवून मिळत. आजही २० लिटरच्या पाण्याचे जार अनामतीवरच फिरतात आणि म्हणूनच नाल्यात वाहत येताना दिसत नाहीत. जर्मनीत २००३ पासून बाटलीमागे २५ सेंट अनामत आहे. आपल्याच देशात तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये सरकारी दुकानांतल्या दारूच्या बाटलीमागे १० रुपये अनामत सुरू झाली आणि बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. रक्कम हातात जाणवेल एवढी असावी लागते. ५० पैशांसाठी कोणी पिशवी धुऊन ठेवणार नाही, आणि ५० पैशांचं नाणं आता खिशात तरी कुठे असतं? दोन रुपये ठेवले तर घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमन, शाळकरी मुलं, कुणी ना कुणी ती गोळा करील.

यासाठी नवी वाहतूक उभारावी लागत नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. पहाटे दुधाचा टेम्पो भरलेले क्रेट उतरवतो आणि आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट घेऊन परत जातो. क्रेट परत जातात कारण त्यांचा हिशेब ठेवलेला असतो. त्याच टेम्पोत धुतलेल्या, वाळवलेल्या पिशव्यांचं एक पोतं परत जाऊ शकतं. दुधाची पिशवी चांगल्या प्रतीच्या, एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, तिला भंगारात भाव आहे. घरच्यांनी एवढंच करायचं: कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, चिरून पिशवीलाच लटकता ठेवायचा. तो इवलासा त्रिकोण कोणी वेचत नाही, थेट मोरीतून नाल्यात जातो.

पाण्याच्या बाटलीचा प्रश्न तर या शहरात उद्भवायलाच नको होता. नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे हे स्वतःचं धरण आहे, देशात मोजक्या महापालिकांना हे भाग्य आहे. तरी सोसायटीच्या सभेला, बारशाला, हळदी-कुंकवाला २०० मिलिलिटरच्या बाटल्यांचे खोके येतात आणि त्यांतल्या निम्म्या अर्ध्या पिऊन टाकलेल्या असतात. तांब्या-पेला काढायला कुणाचा मान कमी होत नाही. काही बचत गटांनी आणि मंडळांनी स्टीलच्या ताटवाट्या घेऊन ठेवल्या आहेत, कार्याला नाममात्र भाड्याने देतात. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये शंभर ताटं असली की वर्षभरातल्या किती तरी चकचकीत पत्रावळी वाचतील. त्यांच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि त्यांचं खतही होत नाही, रद्दीही होत नाही.

घरातून निघालेल्या सुक्या कचऱ्याची किंमत ज्यांना कळते, त्या बायकांबद्दल आता बोललं पाहिजे. मुंबई परिसरात कचरा वेचणाऱ्या अनेक कुटुंबांची मुळं १९७२ च्या दुष्काळात आहेत, मराठवाड्यातून आणि इतर कोरड्या भागांतून ही माणसं इथे आली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या पुढाकाराने १९९८ पासून ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम चालवला. वेचक बायकांना ओळखपत्रं, प्रशिक्षण, बचत गट आणि सोसायट्यांत खत व वर्गीकरणाचं काम मिळवून दिलं. नवी मुंबईतही या बायकांनी काम केलं आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून पुढे वेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा घेऊ लागली. या बायका हाताने तपासून सांगतात की कुठलं प्लास्टिक ‘कडक’, कुठलं ‘नरम’, कशाला भाव आहे आणि कशाला नाही. त्यांच्या या ज्ञानावर शहराचा पुनर्वापर चालतो, आणि मोठं यंत्र किंवा मोठा ठेका आला की पहिल्यांदा त्यांनाच बाहेर काढलं जातं.

वर्गीकरण किती दूर नेता येतं हे पाहायचं तर वेंगुर्ल्याकडे पाहावं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात त्या छोट्या नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे केले आणि क्षेपणभूमीच्या जागी लोक पाहायला येतील असं केंद्र झालं. कोकरे यांनी पुढे आपल्या जवळच्या कर्जतलाही तसंच काम केलं. जपानच्या कामिकात्सू गावात पंचेचाळीसच्या आसपास प्रकार वेगळे होतात. मोठ्या शहराला तेवढं जमणार नाही, पण ‘ओला’ आणि ‘सुका’ यांच्यापुढे एक पाऊल तरी टाकता येईल: काच वेगळी, कागद वेगळा, धुतलेलं प्लास्टिक वेगळं.

इथवर घरातला माणूस पुष्कळ करू शकतो. पाकिटापाशी मात्र त्याचे हात बांधले जातात. वेफर्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, मसाल्यांची पाकिटं: ही प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे अनेक थर चिकटवून केलेली असतात, थर सुटे होत नाहीत म्हणून भंगारवाला घेत नाही. त्यांचा शेवट फार तर लांबच्या सिमेंट भट्टीत इंधन म्हणून जळण्यात होतो. काही पाकिटं टाळता येतात. चैत्र-वैशाखात मसाला मार्केटमधून मिरची, धणे, खडा मसाला आणून उन्हं दाखवून डंकावरून कांडून आणायची पद्धत आगरी-कोळी घरांत आणि इतरही पुष्कळ घरांत अजून चालू आहे. त्या एका कामाने वर्षभरातली कितीतरी पाकिटं घरात येतच नाहीत. दळणाचंही तसंच. पण मुलाच्या हातातलं पाच रुपयांचं पाकीट आईने रोज नाकारावं आणि त्यावर शहराची स्वच्छता अवलंबून असावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांवर आपल्या वेष्टनांची जबाबदारी टाकणारी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. त्यांची पूर्तता बरीचशी प्रमाणपत्रांच्या खरेदीविक्रीने होते. त्या प्रमाणपत्राने आपल्या नाल्यातलं पाकीट हलत नाही. एकाच जातीच्या, पुन्हा वितळणाऱ्या प्लास्टिकचं वेष्टन बंधनकारक करणं हे सरकारचं काम आहे आणि ते मागणं हे आपलं.

सॅनिटरी पॅड आणि डायपरबद्दल बोलायला अजून संकोच होतो, म्हणून ते कचऱ्यात तसेच गुंडाळी न करता जातात आणि कुणीतरी बाई ते हाताने उचलते. पुण्यात ‘स्वच्छ’ने कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली. एवढी एक खूण पुरते. जुन्या कपड्यांचंही ओझं वाढतं आहे. पूर्वी बोहारीण दारात येई आणि साड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं देऊन जाई, उरलेल्याची गोधडी होई. आता कपडे स्वस्त झाले आणि बोहारीण दुर्मीळ. बेलापूरला महापालिकेने जुन्या कपड्यांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केलं हे म्हणूनच चांगलं पाऊल आहे.

महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपल्यावर हे शहर साडेपाच वर्षं प्रशासकाच्या हाती होतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात आले. त्यांच्यापुढे ठेवायच्या मागण्या अवघड नाहीत. दरवर्षी उचललेल्या कचऱ्याबरोबर माणशी किती ग्रॅम कचरा झाला तेही प्रभागवार जाहीर करा, म्हणजे तो घटतो की वाढतो ते दिसेल. प्रत्येक विभागात वेचक महिलांना सुका कचरा निवडायला छप्पर, पाणी आणि लेखी हक्क द्या. सुकी पानं कचऱ्याच्या गाडीत घेणं बंद करा आणि सोसायट्यांना खतासाठी पुरवा. पावसाळ्याआधी धारण तलावांच्या झडपांवर किती प्लास्टिक सापडलं त्याची नोंद लोकांसमोर ठेवा. आणि दुधाच्या पिशवीचं २०१८ चं कलम वाढीव रकमेसह अमलात आणण्यासाठी महापालिकेने राज्य सरकारला ठराव पाठवावा. निदान एका विभागात, दूध संघांशी बोलून, रिकाम्या क्रेटबरोबर रिकाम्या पिशव्या परत नेण्याचा प्रयोग या पावसाळ्याच्या आत सुरू करता येईल.